नोकरी सांभाळून आठवड्याचे आठ तास: घरबसल्या फ्रीलान्स काम मिळवण्याची सरळ वाट

जून उजाडला की आमच्या वाळूजच्या कारखान्यात निम्मी लाइन एकाच विषयावर बोलते: पेरणी झाली का. कुणाची गंगापूरकडे चार एकर, कुणाची अंबडला, कुणाची थेट कळंबला. नोकरी आणि शेती, नोकरी आणि दोन म्हशी, नोकरी आणि विम्याची एजन्सी. मराठवाड्यात जोडधंदा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण "रात्री लॅपटॉपवर पुण्याच्या पार्टीचं काम करतो" असं म्हटलं की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "काय करायलास नेमकं? फसायला तर नाहीस ना?"

शंका रास्त आहे, तिच्याकडे पुढे येतोच. मी क्वालिटी विभागात आहे. दिवसा मोजमापं आणि रिजेक्शनचे कागद, रात्री मशीनच्या पुस्तिका आणि सुरक्षेच्या सूचना इंग्रजीतून मराठीत. चार वर्षं झाली, महिन्याला दहा-बारा हजार सुटतात. मी हे सगळं उलट क्रमाने केलं: आधी कामं घेतली, मग दर ठरवला, शेवटी कागदपत्रं बघितली. तुम्ही सुलट करा.

आधी कपाटातली फाइल काढा

तुमचं नियुक्तिपत्र. बहुतेकांनी ते सही करून ठेवलं ते परत गृहकर्जाच्या वेळीच उघडलं असेल. त्यात "पूर्णवेळ", "अन्यत्र लाभाचे काम", "पूर्वपरवानगी" असे शब्द असलेलं कलम शोधा. साधारण तीन प्रकार निघतात: बाहेरच्या कामाला साफ बंदी, परवानगी घेऊन चालेल, किंवा काहीच उल्लेख नाही. उल्लेख नसला तरी मालकाच्या स्पर्धकाचं, पुरवठादाराचं किंवा ग्राहकाचं काम घेणं अंगाशी येतं. २०२२ च्या सप्टेंबरात विप्रोने दुसरीकडे काम केल्याच्या कारणावरून तीनशे जणांना घरी पाठवलं. पुढच्याच महिन्यात इन्फोसिसने वरिष्ठांच्या संमतीने बाहेरचं छोटं काम करायला मुभा दिली. म्हणजे कंपन्यांमध्येही एकमत नाही, आणि तुम्हाला तुमच्या पत्रात काय लिहिलंय तेच लागू.

सरकारी नोकरांसाठी गोष्ट वेगळी आणि जास्त कडक. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ प्रमाणे शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. अधूनमधून केलेलं साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं काम चालतं, तेही मूळ कामाला धक्का न लावता. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना त्यांचे १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, खासगी शाळांतल्या शिक्षकांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली. आपल्याकडचा लाडका तोडगा म्हणजे "बायकोच्या नावावर करू". ती खरोखर काम करत असेल तर उत्तम. पण शासकीय कर्मचाऱ्याच्या घरातलं कुणी धंदा करत असेल तर तेही कार्यालयाला कळवावं लागतं, आणि नावाला बायको, कामाला नवरा हा प्रकार एका तक्रारीत उघडा पडतो.

खासगी नोकरीत परवानगी मागायला लोक घाबरतात. मी मागितली तेव्हा एचआरच्या मॅडमना तीन ओळींचा मेल केला होता:

"मी सुट्टीच्या दिवशी व कामाच्या वेळेनंतर स्वतःच्या लॅपटॉपवर इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम करू इच्छितो. हे काम कंपनीच्या व्यवसायाशी, ग्राहकांशी किंवा पुरवठादारांशी संबंधित नसेल. आठवड्याला आठ तासांपेक्षा जास्त नसेल. लेखी संमती मिळावी, ही विनंती."

उत्तर यायला पाच आठवडे लागले, पण आलं. तो मेल मी छापून त्याच फाइलमध्ये ठेवलाय. त्यातला "स्वतःच्या लॅपटॉपवर" हा शब्दप्रयोग महत्त्वाचा. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल, ऑफिसचं सॉफ्टवेअर यांना या कामात हात लावायचा नाही. नोकरीचा भाग म्हणून तयार झालेल्या मजकुराचा किंवा ड्रॉइंगचा हक्क सहसा मालकाचाच असतो, आणि त्याच्या यंत्रावर तुमचं खासगी काम सापडलं तर वाद तिथूनच सुरू होतो.

आठ तास म्हणजे नक्की किती?

संमती मिळवताना मी आठ तास लिहिले ते अंदाजाने, पण पुढे सगळं त्याच आकड्यावर उभं राहिलं. मंगळवार-गुरुवार रात्री नऊ ते अकरा, रविवारी सकाळी चार तास. शिफ्ट फिरती असेल तर हे गणित दर आठवड्याला बदलतं. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी एकही काम घेत नाही, कारण झोपेत केलेलं भाषांतर दुसऱ्या दिवशी वाचून माझं मलाच हसू येतं.

या आठांतले दोन तास मेल, फोन, बिल आणि नवं काम शोधण्यात जातात. उरले सहा. महिन्याचे चोवीस. आता हिशेब मांडा. समजा पगार ३२ हजार आहे, महिन्याचे सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला साधारण १५४ रुपये पडतात. चोवीस तासांतून बारा हजार हवेत तर तासाला ५०० रुपये मिळाले पाहिजेत. पगाराच्या तिप्पट! हा आकडा बघून पहिल्यांदा मी कागद फाडला होता. पण तोच खरा आहे. नोकरदाराला कमी दराचं ढीगभर काम परवडत नाही, त्याच्याकडे तेवढा वेळच नाही. तासाला १५० रुपयांच्याच कामासाठी झोप मोडायची असेल तर त्यापेक्षा कारखान्यात ओव्हरटाइम करावा, तिथे निदान चहा फुकट मिळतो.

पहिलं वर्ष मी एका एजन्सीला शब्दाला साठ पैशांनी भाषांतर दिलं. नीट केलं तर तांत्रिक मजकुराचे तासाला तीनशे शब्द होतात. म्हणजे १८० रुपये. आज मी शब्दाला पावणेदोन रुपयांच्या खाली घेत नाही.

विकायचं काय

जे तुम्हाला दिवसा पगार मिळवून देतं त्याच्या शेजारचं काहीतरी. मालकाचं गुपित नव्हे, तुमची जाणकारी. माझी गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक नवं मशीन आलं, त्यावर मराठी स्टिकर होता: "दुरुस्तीपूर्वी टाळेबंदी करा." मूळ इंग्रजीत होतं लॉकआउट, म्हणजे मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घाला, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, पाटी अडकवा. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश उघडला असणार आणि त्यात कामगार-मालक वादातली टाळेबंदी मिळाली असणार. आमचे ऑपरेटर दोन दिवस एकमेकांना विचारत होते, "कंपनी बंद पडायलीय का?" मी साहेबांना सांगून तो स्टिकर दुरुस्त करून दिला. पुरवठादाराने विचारलं, पुस्तिका कोण बघेल. पुरवठादार आमचाच, म्हणून मी पैसे घेतले नाहीत. त्याने मात्र पुण्याच्या एका भाषांतर एजन्सीला माझं नाव दिलं. पहिलं काम तिथून आलं.

इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं असलेले हजारो आहेत. पण पाना, जॉब, फिक्स्चर, बर काढणे हे शब्द शॉप फ्लोअरवर कसे बोलले जातात ते माहीत असलेले भाषांतरकार फार थोडे.

असं प्रत्येकाकडे काही ना काही निघतं. लातूरच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक नीटच्या सरावासाठी प्रश्न तयार करू शकतो, त्यांची स्पष्टीकरणं लिहू शकतो, मराठी माध्यमासाठी भाषांतर करू शकतो (स्वतःच्या क्लासच्या नोट्स मात्र वापरायच्या नाहीत). डिझाइन विभागातला डिप्लोमावाला कागदावरच्या जुन्या ड्रॉइंगची ऑटोकॅड फाइल करून देऊ शकतो. अकाउंट्समधल्या ताईंना टॅली येतंच, पुण्या-मुंबईतल्या छोट्या दुकानदारांची बिलं नोंदवणं आणि जीएसटीचे आकडे जुळवणं हे काम घरून होतं. जालना म्हटलं की बियाणं; तिथल्या कृषी पदवीधराला पिकाची माहितीपत्रकं, पिशवीवरच्या सूचना, शेतकऱ्यांसाठीचे छोटे व्हिडिओ यांची संहिता लिहिता येईल. आणि एक काम खास आपल्या भागाचं: मोडी आणि उर्दू. निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि घरोघरी जुनी दप्तरं बाहेर आली. मोडी वाचता येणारा माणूस तोवर संशोधकांनाच हवा असायचा. आता गावाकडचा माणूस मोबाइलवर फोटो पाठवून विचारतो, यात काय लिहिलंय. लिप्यंतर अंतरावरून होतं, पानावर पैसे घेता येतात. आजोबांकडून मोडी शिकलेला कुणी हे वाचत असेल तर त्याने टायपिंगची नोकरी शोधू नये.

"डेटा एंट्री येते" असं मात्र कुठे लिहू नका. त्यात दर नाही, मान नाही, आणि फसवणूक सगळ्यात जास्त.

नमुने तीनच, पण धुतल्या तांदळासारखे

अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही, हा फेरा नमुन्यांनी तुटतो. कुणीही बघू शकेल असा सार्वजनिक मजकूर घ्या. मी घरातल्या मिक्सरची पुस्तिका, एका सरकारी योजनेचं इंग्रजी परिपत्रक आणि अग्निशामक सिलिंडरवरच्या सूचना घेतल्या होत्या. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला तुमचं काम, एकेक पान पुरे. ऑफिसातला कुठलाही कागद नमुना म्हणून दाखवायचा नाही, नाव खोडून सुद्धा.

मराठी टायपिंगचं काम असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. एक, मजकूर युनिकोडमध्ये हवा. टायपिंग क्लासला जुन्या फॉन्टवर हात बसलेला असतो. ती फाइल समोरच्याच्या संगणकावर उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. दुसरी गोष्ट बारीक आहे: "दुसऱ्या" की "दुसर्या". अर्ध्या र चा हा घोळ इतका सर्रास दिसतो की मला काम देणाऱ्या पुण्याच्या संपादक बाई नव्या माणसाच्या नमुन्यात आधी "ऱ्य" शोधतात. चुकला की पुढचं वाचतच नाहीत. माझा पहिला नमुना तिथेच परत आला होता.

काम कुठे शोधायचं

ओळखीपासून सुरुवात करा. नोकरी सोडून चाकणला गेलेला जुना सहकारी, इंजिनिअरिंगचा वर्गमित्र, बहिणीच्या सासरचा कुणी सीए. त्यांना "काम असेल तर सांगा" म्हणू नका, ते कुणालाच आठवत नाही. "मशीनच्या पुस्तिका मराठीत करून देतो" म्हणा. अशी एका ओळीत बसणारी गोष्ट लोक पुढे पोचवतात.

मग एजन्सी आणि छोट्या कंपन्या. आठवड्याला पाच मेल, जास्त नाही, आणि प्रत्येक वेगळा लिहिलेला. माझा मेल असा असतो: "तुमच्या वेबसाइटवर इंग्रजी पुस्तिका आहेत, मराठी नाहीत. मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बारा वर्षं काम करतो, ऑपरेटर काय वाचतो आणि काय सोडून देतो हे रोज बघतो. तुमच्या पुस्तिकेतलं पान चार मराठीत करून सोबत जोडलं आहे. आठवड्याला दीड हजार शब्द देऊ शकतो." शेवटचं वाक्य कमीपणाचं वाटेल, पण काम देणाऱ्याला तेच आवडतं. किती आणि केव्हा, हे त्याला आधी कळतं. पाचातून चार मेलना उत्तर येत नाही, पाचवा "नंतर बघू" म्हणतो. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करायची, मग सोडून द्यायचं.

अपवर्क, फायव्हर, भाषांतरासाठी प्रोझ या परदेशी साइट तिसऱ्या. तिथे गर्दी मोठी, सुरुवातीला महिनोन्‌महिने रिकामे जातात. फायव्हर प्रत्येक कामातून २० टक्के कापतं: पन्नास डॉलरचं काम, हातात चाळीस, त्यातून पैसे आणण्याचा खर्च वेगळा. अपवर्कवर अर्ज करायलाच कनेक्ट्स (म्हणजे अर्जासाठीची टोकनं) खर्च होतात, म्हणून दिसेल त्या जाहिरातीवर अर्ज टाकू नका. प्रोफाइल एकाच विषयाचं ठेवा. वेळेचा मात्र आपल्याला फायदा: आपले रात्रीचे नऊ म्हणजे न्यूयॉर्कची सकाळ, लंडनची दुपार. नोकरीवरून येऊन जेवून बसलात तरी समोरचा ऑफिसातच असतो.

फसवणूक

काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, सॉफ्टवेअरचं डिपॉझिट यांतलं काहीही मागितलं की फोन ठेवा. डेटा एंट्रीचा एक जुना सापळा अजून चालतो. पीडीएफ बघून फॉर्म भरायचे, ठरलेली अचूकता गाठायची, करारावर आधार-पॅनसकट सही. काम दिलं की अचूकता कमी निघते आणि मग "वकिलाची नोटीस" येते: कराराचा भंग, इतके हजार भरा. आमच्या बाजूच्या गल्लीतला एक मुलगा ती नोटीस घेऊन रडत आला होता. खालचा कोर्टाचा शिक्का गूगलवरून उचललेला होता. पैसे भरायचे नाहीत. टेलिग्रामवरचा "व्हिडिओ लाइक करा, रोज कमवा" हा प्रकारही तसलाच. आधी दोनशे-तीनशे देतात, मग "प्रीपेड टास्क"च्या नावाने हजारो काढून घेतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. आणि "तुमचं खातं वापरू द्या, टक्केवारी देतो" म्हणणाऱ्याला घरातही घेऊ नका. चोरीचे पैसे तुमच्या खात्यातून फिरले तर पोलीस तुमच्याच दारात येतात.

पैसे हातात पडेपर्यंत

नव्या ग्राहकाकडून निम्मे आगाऊ. नाही म्हणाला तर कामाचे तुकडे करा, पहिल्याचे पैसे आले की दुसरा द्या. काय करणार, किती दुरुस्त्या फुकट, कधी देणार, पैसे किती दिवसांत, हे चार मुद्दे मेलवर लिहून घ्या. फोनवरचं ठरलेलं हवेत जातं. पंधराशे शब्दांचं काम बोलता बोलता अडीच हजारांचं होतं, तेव्हा हा मेल कामी येतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही मिळते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर व्याज लागतं. एका ग्राहकाने माझे नऊ हजार चार महिने अडकवले होते. पुढच्या बिलावर उद्यम क्रमांक छापला आणि मेलमध्ये थकलेल्या बिलांची तक्रार घेणाऱ्या सरकारी समाधान पोर्टलचा उल्लेख केला. आठव्या दिवशी पैसे जमा.

कर

शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून फ्रीलान्सचंही असावं, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. तसं नाही. हे धंद्या-व्यवसायाचं उत्पन्न, ते पगारात मिळवून दाखवावं लागतं आणि आयटीआर-१ हा पगारदाराचा साधा फॉर्म चालत नाही. ३ किंवा ४ भरावा लागतो. भारतीय कंपनीने वर्षाला ५० हजारांहून जास्त व्यावसायिक मानधन दिलं तर साधारण १० टक्के टीडीएस कापते, तो आयकर खात्याच्या नोंदीत तुमच्या नावे दिसतो. म्हणजे लपवायचं ठरवलं तरी लपत नाही. नव्या करप्रणालीत एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कर शून्य होतो, कापलेला टीडीएस परत मिळतो. माझे दोन्ही मिळून त्याच्या निम्म्यावरही जात नाहीत, पण रिटर्न वेळेवर भरतो. जुनी करप्रणाली वापरणाऱ्यांनी जपून: धंद्याचं उत्पन्न आलं की पगारदारासारखं दर वर्षी इकडून तिकडे जाता येत नाही.

अभियांत्रिकी, लेखापाल, तांत्रिक सल्ला, आयटी अशा ठरावीक व्यवसायांना निम्मी रक्कम नफा धरून सोपं रिटर्न भरण्याची सोय आहे, जुन्या कायद्यात ती ४४एडीए कलमात होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदललेत, सीएशी बोलताना लक्षात ठेवा. भाषांतर त्या यादीत नाही, म्हणून मी लॅपटॉप, इंटरनेट, शब्दकोश यांची बिलं सांभाळतो. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी २० लाख. आठ तासांत तिथे कुणी पोचत नाही. आणि "पीएफवरून कंपनीला कळेल का" हे विचारणाऱ्यांसाठी: फ्रीलान्स कामाला पीएफ कापला जात नाही, ती भीती दुसऱ्या पगारी नोकरीची. तुमच्याकडे संमतीचा मेल असेल तर हा प्रश्नच पडत नाही.

लाइट

मे महिन्यात वारं सुटलं की आमच्याकडे लाइट जाते, हे पुण्याच्या माणसाला तीन वेळा सांगितलं की तो तुम्हाला बेभरवशाचा समजतो. राऊटरला छोटा डीसी यूपीएस जोडा, वेगळ्या कंपनीचं एक सिम हॉटस्पॉटसाठी ठेवा आणि काम सुरू करण्याआधी फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या. देण्याची वेळ ठरवताना एक दिवस पदरचा जास्त मागा. सोमवारी हवं असेल तर मी रविवारी दुपारी पाठवतो. त्या एका दिवसाने माझी चार पावसाळ्यांची अब्रू राखली.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात एजन्सीने चार हजार शब्दांचं काम पाठवलं, सोमवारी सकाळी हवं होतं. रविवारी गावाकडे सोयाबीनची पेरणी होती, दादा एकटाच. मी लिहिलं, "बुधवारी रात्रीपर्यंत दीड हजार शब्द देऊ शकतो, बाकीचं दुसऱ्याला द्या." तासभर उत्तर नाही. मग मेल आला: पहिलं प्रकरण तुम्हीच करा, त्यात सुरक्षेच्या सूचना आहेत, बुधवार चालेल.